बाप भारी की बेटा? स्पीडवेचा हिशेब मांडायचा कसा

डिसेंबर २०२२ मध्ये पर्वरीच्या मैदानावर अर्जुन तेंडुलकरने गोव्याकडून रणजी पदार्पणात राजस्थानविरुद्ध १२० धावा केल्या, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या गोव्याला १९८८ साल आठवलं. त्या वर्षी, डिसेंबरातच, सचिनने मुंबईकडून गुजरातविरुद्ध रणजी पदार्पणात नाबाद शतक ठोकलं होतं. झालं, तुलना सुरू. बाप तेव्हा पंधरा वर्षांचा, हाडाचा फलंदाज. मुलगा तेवीस वर्षांचा, मुख्य काम डावखुऱ्या वेगवान गोलंदाजीचं, फलंदाजीला आला तो खालच्या क्रमांकावर. 'पदार्पणात शतक' एवढं सोडलं तर दोन्हींत सारखं फारसं काही नाही. पण 'खाण तशी माती' म्हणायची आपल्याला भारी हौस, आणि गोव्यात तर खाणींना तोटा नाही. शौनक अभिषेकी कुठेही गायला बसोत, श्रोत्यांतलं कुणीतरी हळूच वडिलांचं, जितेंद्र अभिषेकीबुवांचं, नाव काढणारच.

ही खोड जगभरची आहे. मात्र एका खेळात ती इतकी मुरलेली आहे की बापलेकांची तुलना करताना माणसं कुठे चुकतात हे त्यात फार स्वच्छ दिसतं. तो खेळ म्हणजे स्पीडवे. मोटारसायकलच्या शर्यतींचा हा प्रकार आपल्याकडे दिसत नाही. पोलंड, स्वीडन, डेन्मार्क, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इथे त्याची घराणी आहेत. गाण्यात असतात तशीच, फक्त तंबोऱ्याच्या जागी पाना.

आधी खेळ समजून घेऊ. लंबगोल ट्रॅक, वर सैल मातीचा थर. चार रायडर, चार फेऱ्या, घड्याळाच्या उलट दिशेने. मोटारसायकल ५०० सीसीची, एका सिलिंडरची, इंधन मेथॅनॉल. गिअर एकच. ब्रेक नाहीत, आणि ते नसलेच पाहिजेत असा नियम आहे. शर्यत साधारण मिनिटभरात संपते. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला भोपळा.

ब्रेक नाहीत तर वळणावर करायचं काय? मागचं चाक मुद्दाम घसरवायचं. पहिल्या पावसात डिचोलीच्या रस्त्यावर तांबड्या चिखलात स्कूटरचं मागचं चाक बाहेर पळतं आणि आपण घाबरून हँडल उलट्या बाजूला फिरवतो ना, तेच हे, फक्त ठरवून आणि अ‍ॅक्सिलरेटर पिळून. मोटारसायकल डावीकडे वळत असते आणि पुढचं चाक उजवीकडे पाहत असतं. डाव्या बुटाला खालून पोलादी तळ बांधलेला असतो, तो जमिनीवरून सरकत राहतो.

सगळ्यात मोलाचा क्षण सुरुवातीचा. चार रायडर चार जागांवर उभे राहतात, समोर आडव्या पट्ट्या ताणलेल्या असतात, त्या झटकन वर उडाल्या की क्लच सोडायचा. उभं राहण्याआधी जो तो आपल्या जागेवर बुटाने माती उकरतो, दाबतो, मागच्या चाकाला पकड मिळेल अशी जागा करून घेतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, हा मनुष्य वाफा तयार करतोय की काय. पण पहिल्या वळणावर जो पुढे पोचला त्याला समोर मोकळी वाट मिळते आणि मागच्या तिघांच्या चष्म्यांवर त्याच्या चाकाची माती बसते. मिनिटभराची शर्यत बऱ्याचदा पहिल्या दोन-तीन सेकंदांतच ठरते.

आता बापलेकांकडे येऊ. उदाहरण म्हणून क्रम्प घराण्यासारखं दुसरं घर नाही. वडील फिल क्रम्प, ऑस्ट्रेलियातल्या मिल्ड्युराचे. मुलगा जेसन, जन्म १९७५ चा, इंग्लंडातल्या ब्रिस्टलचा, कारण वडील तेव्हा पलीकडच्या न्यूपोर्ट क्लबसाठी धावत होते. फिलच्या नावावर जागतिक वैयक्तिक स्पर्धेतलं एक कांस्य आहे, १९७६ चं. जेसनच्या नावावर तीन विश्वविजेतेपदं: २००४, २००६, २००९. कागदावर पाहिलं तर विषय संपला. तीन सुवर्णांपुढे एक कांस्य, वाद कसला घालायचा?

पण ते कांस्य मिळालं कसं आणि ती सुवर्णं मिळाली कशी, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्यांना काही अर्थ नाही.

१९७६ मध्ये विश्वविजेता एका रात्रीत ठरायचा. १९३६ साली वेम्बलीवर पहिली अंतिम स्पर्धा झाली तेव्हापासून १९९४ पर्यंत, १९८७ चा अपवाद सोडला तर, हीच रीत. सोळा रायडर, वीस शर्यती, प्रत्येकाच्या वाट्याला पाच. रचना अशी की प्रत्येक जण उरलेल्या पंधराही जणांशी नेमका एकदाच भिडतो: पाच शर्यती, दर शर्यतीत तीन प्रतिस्पर्धी, झाले पंधरा. ज्याने कुणी हे कोष्टक बसवलं त्याच्या गणिताला माझा नमस्कार. सगळ्या पाच शर्यती जिंकल्या तर जास्तीत जास्त १५ गुण.

पोलंडमधल्या खोझूफच्या स्टेडियममध्ये त्या वर्षी इंग्लंडच्या पीटर कॉलिन्सने १४ गुण घेतले, माल्कम सिमन्सने १३, फिल क्रम्पने १२. म्हणजे जगज्जेता आणि तिसरा यांच्यात अंतर होतं दोन गुणांचं. एखाद्या शर्यतीत सुरुवात अर्ध्या क्षणाने चुकली आणि पहिल्याऐवजी तिसरा क्रमांक आला, तर तेवढंच अंतर पडतं. आघाडीवर असताना इंजिन बंद पडलं तर तीन गुण गेले आणि त्याबरोबर वर्षही गेलं. शिवाय या रात्रीपर्यंत पोचायला पात्रता फेऱ्यांची शिडी चढावी लागायची, आणि तिची प्रत्येक पायरी हीसुद्धा एकेका दिवसाचीच. कुठल्याही एका संध्याकाळी पाय घसरला की थेट पुढच्या वर्षी भेटायचं.

१९९५ पासून ही रीत बदलली आणि ग्रां प्री मालिका आली. आता मोसमभर वेगवेगळ्या देशांत फेऱ्या होतात आणि गुणांची बेरीज करून विजेता ठरतो. दहा फेऱ्यांचा मोसम धरला तर प्रत्येक रायडर कमीत कमी पन्नास शर्यती धावतो, शेवटच्या टप्प्यातल्या शर्यती वेगळ्याच. पन्नास शर्यतींत एकदा इंजिन बंद पडलं तर तीन गुण जातात, वर्ष जात नाही. नाणं पाचदा उडवलं तर चारदा छापा पडू शकतो, पन्नासदा उडवलं तर चाळीसदा छापा पडणं फार अवघड. म्हणून मालिकेत खरोखर जो सरस असतो तो बहुतेक वेळा वर येतो. एका रात्रीच्या स्पर्धेत सरस माणूस वर येतोच असं नाही, आणि कधीकधी भलताच कुणी येऊन जातो.

याचा अर्थ फिलचं कांस्य हे 'अर्धवट सोनं' असा होत नाही. अर्थ एवढाच की फिल किती चांगला होता हे त्या एका पदकावरून कळत नाही. ते तीन सुवर्णं असलेल्या खेळाडूचंही असू शकलं असतं आणि एका रात्री नशीब फळफळलेल्या माणसाचंही. पाच शर्यतींतून यापेक्षा जास्त कळत नसतं.

मग कशावरून कळेल? स्पीडवेची माणसं यावर सरासरी पुढे करतात. ब्रिटिश लीगमध्ये तिचा हिशेब असा: मोसमातले सगळे गुण घ्या, त्यात बोनस गुण मिळवा, एकूण शर्यतींनी भागा आणि चारने गुणा. चारने का, तर एका सामन्यात रायडर साधारण चार शर्यती धावतो हे गृहीत. समजा एखाद्याने ३, २, ३, १ असे गुण घेतले आणि त्यातल्या एका शर्यतीत तो आपल्याच साथीदाराच्या मागोमाग, विरोधकांना मागे ठेवून आला, तर त्याचा एक बोनस. एकूण १०, शर्यती चार, सरासरी १०. जास्तीत जास्त १२ होऊ शकते. दहाच्या वर सरासरी असलेला रायडर म्हणजे त्या लीगमधला बडा असामी.

आकडा सोपा आहे, भुरळ घालणारा आहे, आणि बापलेकांच्या तुलनेत नेमका इथेच घोळ होतो. सरासरी सांगते ती समोरच्या तिघांच्या तुलनेत तुम्ही कसे होता हे. समोर कोण होतं, हे ती सांगत नाही. फिलच्या उमेदीत, सत्तरच्या दशकात, जगातले बहुतेक बडे रायडर ब्रिटिश लीगमध्येच धावायचे. न्यूझीलंडचा इव्हान मॉगर, ज्याने पुढे सहा विश्वविजेतेपदं पुरी केली, डेन्मार्कचा ओले ओल्सेन, स्वीडनचा आंदेर्स मिखानेक, पीटर कॉलिन्स, सगळे एकाच लीगमध्ये. आज एक्सेटर, परवा बेल व्ह्यू, समोर कुणीतरी जगज्जेता उभाच.

जेसनच्या काळापर्यंत पैसा पोलंडकडे सरकला होता. अव्वल रायडर रविवारी पोलंडमध्ये, मंगळवारी स्वीडनमध्ये आणि उरलेल्या दिवसांत जमलं तर ब्रिटनमध्ये, असं आठवड्याचं वेळापत्रक घेऊन विमानतळांवर फिरायचे. काही जण ब्रिटनला फिरकेनासे झाले. त्यामुळे १९७५ च्या ब्रिटिश लीगमधली दहाची सरासरी आणि २००५ च्या त्याच लीगमधली दहाची सरासरी एका तागडीत घालायची तर आधी दोन्हींचं वजन तपासायला हवं. नाव तेच, माल वेगळा.

मग वेळ मोजू या का? घड्याळ तर खोटं बोलत नाही. स्पीडवेत घड्याळही फारसं कामाचं नाही. ट्रॅकची लांबी ठिकाणागणिक वेगळी, आणि तोच ट्रॅकही पुढे आखूड केला जातो, वळणं बदलली जातात, मातीचं मिश्रण बदलतं. एवढंच काय, एकाच संध्याकाळी पहिल्या आणि पंधराव्या शर्यतीत ट्रॅक सारखा नसतो. चाकं माती बाहेरच्या कडेला ढकलत जातात, आतली वाट गुळगुळीत होते, मध्येच पाणी मारतात, ट्रॅक्टर फिरवतात. सुरुवातीला आतली जागा फायद्याची असते, पुढे बाहेर जमलेल्या मातीत पकड जास्त मिळते. घड्याळ त्या मिनिटाचा ट्रॅक मोजतं, त्यात माणूस किती हे वेगळं काढता येत नाही.

यंत्राचा प्रश्न तर आणखी गुंतागुंतीचा, आणि क्रम्पांच्या घरात तो शब्दशः घरचाच प्रश्न आहे. फिलचे सासरे नील स्ट्रीट स्वतः रायडर आणि त्याहून मोठे इंजिन-कारागीर. तोवर चालणाऱ्या चेक बनावटीच्या जावा इंजिनात दोन व्हॉल्व्ह असायचे. स्ट्रीट यांनी त्यावर चार व्हॉल्व्हचं हेड बसवलं. व्हॉल्व्ह जास्त म्हणजे इंजिनात इंधन-हवेचं मिश्रण जास्त सहज आत येतं, जळालेला वायू सहज बाहेर जातो, आणि वरच्या वेगात ताकद वाढते. १९७५ मध्ये फिल हे इंजिन घेऊन ब्रिटनमध्ये उतरला आणि भल्याभल्यांची पंचाईत झाली. त्याच सुमारास इंग्लंडचं वेस्लेक कंपनीचं चार व्हॉल्व्हचं इंजिनही आलं आणि बघता बघता सगळेच चार व्हॉल्व्हवर गेले.

म्हणजे १९७५-७६ मधला फिल हा किती फिल आणि किती सासरेबुवा? हे वेगळं करायची एक साधी युक्ती आहे: इतरांनाही तेच यंत्र मिळाल्यावर माणूस कुठे उभा राहतो ते पाहायचं. फिल पुढे ब्रिस्टल आणि मग स्विंडनसाठी ऐंशीच्या दशकातही वर्षानुवर्षं धावत राहिला, आणि संघाचा आधारस्तंभ म्हणून धावला. यंत्राची चलती संपली, फिलची संपली नाही. त्यावरून मी तरी त्याला पहिल्या फळीतला धरतो.

जेसनच्या वेळी सगळंच वेगळं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर उभं इंजिन जाऊन जवळजवळ आडवं झोपवलेलं इंजिन आलं. वजन खाली गेलं, मोटारसायकलचं वागणं बदललं, वळणावर बसायची ढब बदलली. जुने फोटो पाहा: वडील जास्त सरळ बसलेले, मुलगा हँडलवर झुकलेला. 'वडिलांची ढब जास्त देखणी' असं म्हणणारे त्या ढबीत इंजिनाचा वाटा किती हे विसरतात.

या सगळ्यातून तुलनेला टिकेल अशी एकच फूटपट्टी मला सापडते. बापाला मुलाशी मोजायचं नाही, दोघांना आपापल्या काळातल्या लोकांशी मोजायचं. तो आपल्या काळात जगातल्या पहिल्या किती जणांत होता, आणि किती वर्षं होता? या फूटपट्टीवर जेसनचा खरा पराक्रम तीन सुवर्णं नव्हेतच. २००१ ते २०१० अशी सलग दहा वर्षं तो जगात पहिल्या तिघांत होता. टोनी रिकार्डसन, निकी पेडरसन, ग्रेग हॅनकॉक, टोमाश गोलोब असे लोक समोर असताना दहा वर्षं. तीन वेळा पहिला, पाच वेळा दुसरा, दोनदा तिसरा. ही नशिबाची गोष्ट नाही, इतकी वर्षं नाणं एकाच बाजूला पडत नाही.

तेव्हा माझा कौल जेसनला. पण 'तीन विरुद्ध शून्य' इतकं अंतर मी धरत नाही. आणि फिलच्या घरी सोनं नव्हतंच असंही नाही: १९७६ मध्येच लंडनच्या व्हाइट सिटीवर ऑस्ट्रेलियाने सांघिक विश्वचषक जिंकला, त्या संघात तो होता. जेसनने सांघिक विजेतेपदं १९९९, २००१ आणि २००२ मध्ये मिळवली.

आता घराण्याच्या बाजूने विचार करू. 'बापाचं कसब मुलात उतरतं' हे खरं असेल तर जगज्जेत्यांची मुलं जगज्जेती व्हायला हवीत. १९३६ पासूनची वैयक्तिक विश्वविजेत्यांची यादी काढून बसा. बाप आणि मुलगा दोघेही तिच्यात आहेत असं एकही घर सापडत नाही. उलट विजेत्यांचे बाप पाहिले तर चित्र वेगळं. १९९२ चा विजेता गॅरी हॅवलॉक, त्याचे वडील ब्रायन रायडरच. २०१३, २०१५ आणि २०१८ चा विजेता ताई वॉफिंडेन, त्याचे वडील रॉबही रायडर, लीगमध्ये घाम गाळणारे, जगाच्या यादीत नाव नसलेले. मुलाचं पहिलं विजेतेपद पाहायला ते राहिले नाहीत, २०१० मध्ये कर्करोगाने गेले.

हे विचित्र वाटतं पण नाही. जगज्जेता होणं म्हणजे कसब, शरीर, वय, यंत्र, पैसा आणि नशीब हे सगळं एकाच वेळी टोकाला जाणं. त्यातलं कसब घरात शिकवता येतं, मेकॅनिकपणा शिकवता येतो. टोकाचं नशीब वारशाने देता येत नाही. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज अभ्यासकाने १८८६ मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंचीवर लिहिताना हेच मांडलं होतं: फार उंच आईबापांची मुलं सरासरीपेक्षा उंच असतात, पण आईबापांइतकी बहुधा नसतात. म्हणून जगज्जेत्याचा मुलगा 'वाया गेला' म्हणणं चूक. बॅरी ब्रिग्ज चार वेळा जगज्जेता, मुलगा टोनी लीगपर्यंत पोचला आणि गंभीर जखमी झाला. 'बापाचं नाव घालवलं' म्हणणारे तेव्हाही असतीलच. पण टोनीचं नाव आज घेतलं जातं ते ट्रॅकच्या कडेला लावायच्या हवा भरलेल्या कुंपणासाठी. फिलच्या पिढीला वळणाबाहेर फळ्या नाहीतर तारेची जाळी असायची. बॅरीने स्वतः १९७२ च्या वेम्बलीच्या अंतिम रात्री अपघातात एक बोट गमावलं होतं. किती वर्षं धावलास, हा आकडाही त्या कुंपणाकडे पाहूनच वाचावा लागतो. आणि कुंपणं सुधारली म्हणून खेळ निर्धोक झाला असंही नव्हे: रायडर कॉलिन रिचर्डसनचा मुलगा ली, १९९९ चा २१ वर्षांखालील विश्वविजेता, २०१२ मध्ये पोलंडमधल्या व्रोत्सुआफला शर्यतीतल्या अपघातात गेला, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. अशी कारकीर्द कुठल्या सरासरीत बसवणार?

वारसा प्रत्येक वेळी ट्रॅकवरचाच असतो असंही नाही. १९५४ आणि १९५९ चा विजेता रॉनी मूर न्यूझीलंडचा. त्याचे वडील लेस मूर 'मौत का कुआँ' चालवायचे, जत्रेत लाकडी विहिरीच्या भिंतीवर मोटारसायकल फिरवतात तोच खेळ, आणि रॉनी पोरवयातच त्या भिंतीवर चढला. आपल्या म्हणण्याप्रमाणे बघितलं तर ही तुलनाच होऊ शकत नाही, त्या भिंतीवरचा खेळच वेगळा. पण सैल मातीवर तोल जायची भीती ज्याची लहानपणीच मोडली, त्याला मिळालेला हा वारसा कुठल्याही पदकापेक्षा कमी नव्हता.

एक जोडी मात्र आहे जिच्यावर तुलना जरा नीट करता येते. पोलंडच्या झेलोना गुरा क्लबचे स्वावोमिर दुदेक आणि त्यांचा मुलगा पॅट्रिक. पॅट्रिकने २०१७ मध्ये ग्रां प्रीच्या पहिल्याच पूर्ण मोसमात रौप्य पटकावलं. बरीच वर्षं क्लब तोच, गाव तेच, लीगही तीच, म्हणजे वजनं जुळवायची कटकट बरीच कमी. तरी एक गोष्ट पाहून घ्यावी लागते: १९९० च्या सुमारास पोलिश लीगने परदेशी रायडरना दार उघडलं. त्याआधी समोर उभे असायचे ते फक्त पोलिश रायडर, त्यानंतर हान्स निल्सेनसारखे जगज्जेते. त्यामुळे स्वावोमिर यांचे आकडे काढताना १९९० च्या आधीचे आणि नंतरचे असे दोन रकाने करायचे आणि पॅट्रिकचे आकडे फक्त दुसऱ्या रकान्याशेजारी ठेवायचे. क्रम्पांच्या घरी मात्र हिशेबाची वही अजून मिटलेली नाही. जेसनचा मुलगा सेथही ट्रॅकवर उतरला आहे, आणि त्याची तुलना करायला लोकांकडे आता वडील, आजोबा आणि पणजोबा असे तिघे आहेत.